दातांच्या मापाची ढाल

प्लास्टिक तापवून साच्यावर बसवायचं काम वसई पूर्वेच्या गोखिवऱ्यात कुणाला नवं नाही. इथल्या औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांत असली कामं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, गोखिवरे तिच्यात गेलं, पण गाळ्यातलं यंत्र आणि त्यापुढचा कारागीर यांचं नातं बदललं नाही. अशा कारागिराला दंतवैद्याच्या लॅबमध्ये उभं केलं, तर समोर काय चाललंय हे त्याला सांगावं लागणार नाही. चौकटीत अडकवलेली शीट तापते, मऊ पडते, मधोमध झोळीसारखी लोंबायला लागते. त्याच क्षणी ती प्लास्टरच्या दातांवर उतरवायची आणि खालून हवा ओढून घ्यायची. शीट प्रत्येक दाताला, दोन दातांमधल्या खाचेला, हिरडीच्या कडेला बिलगते. थंड झाली की जादा भाग कापायचा, कडा घासून गुळगुळीत करायच्या. खेळाडूचं माउथगार्ड तयार.

ही शेवटची पायरी काही मिनिटांची आहे. तिथवर पोचायला मात्र माणसाला कित्येक दशकं लागली, आणि त्या वाटेवर खेळाडूंपेक्षा कवळ्या बनवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, असं माझं मत झालं आहे.

या वस्तूचं मूळ एका झाडाच्या चिकात आहे, आणि ते झाड पालघरकरांच्या ओळखीच्या कुळातलं आहे. डहाणू-घोलवडचा चिकू, जव्हार-मोखाड्याकडचा मोह, अंगणातली बकुळ हे सगळे एकाच वनस्पतिकुळातले. मलायाच्या जंगलातलं गटापर्चाचं झाड त्यांचंच भाऊबंद. त्याच्या चिकाचा गुण असा, की गरम पाण्यात तो कणकेगत मऊ होतो, हवा तो आकार घेतो आणि थंड झाल्यावर तोच आकार धरून ठेवतो. मलायातले लोक त्याच्या कोयत्याच्या मुठी करत. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतले सर्जन विल्यम माँटगोमरी यांनी १८४३ च्या सुमारास त्याचे नमुने पुढे पाठवले आणि मग या चिकाला जगभर मागणी आली. समुद्राखालच्या तारांना त्याचं वेष्टण चढलं, गोल्फचे चेंडू त्याचे झाले. दंतवैद्यांनीही तो लगेच उचलला. रूट कॅनल केल्यावर दाताच्या मुळात जी बारीक नारिंगी-गुलाबी काडी भरतात, ती आजही गटापर्चाचीच असते.

लंडनचे दंतवैद्य वूल्फ क्राऊझ यांच्या हाताशी हा पदार्थ रोजचाच होता. १८९० च्या आसपास त्यांच्याकडे मुष्टियोद्धे येत, फुटलेले ओठ घेऊन. ठोसा बाहेरून बसतो, पण ओठ आतून फाटतो, स्वतःच्याच दातांच्या धारेवर. त्याआधी मुष्टियोद्धे दातांत कापूस, स्पंज, लाकडाचा तुकडा असं काहीबाही धरून लढत. ते सुटू नये म्हणून सारखं चावून धरावं लागे आणि निम्मी ताकद जबड्यातच जाई. क्राऊझ यांनी गटापर्चाची पट्टी मऊ करून रिंगणात उतरण्याआधी वरच्या पुढच्या दातांवर थापायला सुरुवात केली. प्रत्येक लढतीला नवी पट्टी लागे, पण ती त्या माणसाच्या दातांवर, त्या दातांच्या आकारात बसलेली असे. माउथगार्डचा खरा जन्म मी इथे मानतो. आधीचा लाकडाचा तुकडा कुणाच्याही तोंडात गेला असता.

क्राऊझ यांचा मुलगा फिलिप हा दंतवैद्य होता आणि हौशी मुष्टियोद्धाही. त्याने रबराचं, पुन्हा पुन्हा वापरता येणारं कवच केलं. ईस्ट एंडमधला त्याचा मित्र टेड ‘किड’ लुईस ते घालून लढू लागला. लुईस साधासुधा खेळाडू नव्हता. १९१५ साली जॅक ब्रिटनला हरवून तो वेल्टरवेट गटाचा जगज्जेता झाला आणि दोघांमध्ये एकूण २० लढती झाल्या. फेब्रुवारी १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लढतीपूर्वी ब्रिटनचा व्यवस्थापक डॅन मॉर्गन याने हरकत घेतली: तोंडात बाहेरची वस्तू आहे, हे नियमाबाहेरचं आहे. हरकत मान्य झाली. लुईसला कवच काढून लढावं लागलं आणि तो गुणांवर हरला.

या प्रसंगापाशी मला थांबावंसं वाटतं. हातात मोजे घालायला कुणाची ना नव्हती, कारण त्यांनी मारणाऱ्याची बोटं वाचत. मार खाणाऱ्याचे दात वाचवणारी वस्तू मात्र लबाडी ठरली. खेळात दुखापत हा मर्दपणाचा दाखला मानला, की संरक्षणाचं साधन आपोआप संशयास्पद होतं. आपल्या तालमींत आणि मैदानांत ही समजूत अजून जिवंत आहे, म्हणून ही जुनी गोष्ट मला जुनी वाटत नाही.

नियम बदलला तो रक्त पाहून. मार्च १९२७ मध्ये माईक मॅकटीग आणि जॅक शार्की यांची लढत झाली. मॅकटीग आघाडीवर होता. पण तुटलेल्या दाताने त्याचा ओठ असा कापला, की रक्त थांबेना आणि बाराव्या फेरीत लढत थांबवावी लागली. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याच्या नियामक मंडळाने कवचाला परवानगी दिली. १९३० साली त्याच मंडळाचे निरीक्षक आणि व्यवसायाने दंतवैद्य असलेले क्लॅरन्स मेयर यांनी दातांचं माप घेऊन मेण आणि रबर यांच्या साहाय्याने कवच कसं करावं, याची कृती दंतवैद्यकीय नियतकालिकात मांडली.

माप घेऊन: सगळं इथे अडलेलं होतं, आणि ही विद्या मुष्टियुद्धातून आलेली नाही, कवळीतून आली आहे. कवळी एका केसाने जरी चुकली तरी टोचते, हलते, घास चावू देत नाही. त्यामुळे तोंडाचा हुबेहूब ठसा मिळवण्यासाठी दंतवैद्य एकोणिसाव्या शतकभर धडपडत होते. प्लास्टर वापरून पाहिलं, तर ते तोंडात घट्ट होई आणि फोडून काढावं लागे. नुसतं गटापर्चा थंड होताना आकसे. लंडनच्या चार्ल्स स्टेंट यांनी १८५६ साली त्यात स्टिअरिन वगैरे मिसळून ठसा घ्यायचा चांगला मसाला तयार केला. पुढे जपानी शेवाळापासून काढलेलं अगर आलं. दुसऱ्या महायुद्धात त्याचा पुरवठा तुटला आणि त्याची जागा तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटने घेतली. आज दंतवैद्य वाडग्यात पाणी घालून जी पूड भराभर घोटतात, ट्रेमध्ये भरून तोंडात दाबतात आणि दोन-तीन मिनिटांनी रबरासारखी सोडवून काढतात, ती हीच. त्या ठशात प्लास्टर ओतलं, की तुमचे दात टेबलावर येतात.

१९४७ साली लॉस एंजेलिसचे दंतवैद्य रॉडनी लिलीक्विस्ट यांनी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं पातळ कवच केलं. ते घालून खेळाडूला बोलता येई, दम घेता येई आणि बाहेरून ते दिसतही नसे. अमेरिकन फुटबॉलमध्ये ते पसरलं. १९६० मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने धक्काबुक्कीच्या सगळ्या खेळांसाठी माउथगार्डची शिफारस केली, १९६२ मध्ये तिथल्या शाळांच्या फुटबॉलला ते सक्तीचं झालं आणि १९७३ मध्ये महाविद्यालयांच्या फुटबॉललाही. पुढे रबर आणि अ‍ॅक्रिलिक मागे पडून ईव्हीए आलं. चपलेच्या तळव्यात असतं तेच.

मुंबईत या गोष्टीची दोन्ही अंगं वेळेवर आली होती. देशातली मुष्टियुद्धाची पहिली संघटना, बॉम्बे प्रेसिडेन्सी अमेच्युअर बॉक्सिंग फेडरेशन, १९२५ साली इथेच स्थापन झाली. नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं, शासकीय दंत महाविद्यालय १९४५ चं. माप घेऊन प्लास्टरचे दात ओतणं हे इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा पाया आहे. म्हणजे विद्या होती, खेळ होता. पण दोघांची गाठ पडली ती फक्त जिथे नियमाने पाडली तिथे. बॉक्सिंगमध्ये माउथगार्डवाचून रिंगणात प्रवेश नाही, आणि ते लाल रंगाचंही चालत नाही, कारण तोंडातून आलेलं रक्त पंचाला दिसलं पाहिजे. हॉकीच्या नियमपुस्तकात तोंडाच्या संरक्षणाची शिफारस आहे, सक्ती नाही. कबड्डीत तीही नाही. साखळी धरून चढाईपटूवर झेपावताना एकाचं डोकं दुसऱ्याच्या तोंडावर बसतं, गुडघा हनुवटीवर येतो. वसईच्या कला-क्रीडा महोत्सवात हा खेळ पाहणाऱ्याला मी वेगळं सांगायला नको. कबड्डीच्या संघटनांनी निदान कुमार गटापासून माउथगार्डचा आग्रह धरावा, असं मला मनापासून वाटतं.

दुकानात दोन प्रकार मिळतात. एक तयार, कुणालाही बसणारा म्हणून कुणालाच न बसणारा. तो दातांनी धरून ठेवावा लागतो, म्हणजे क्राऊझच्या आधीचा लाकडाचा तुकडाच. दुसरा गरम पाण्यात मऊ करून चावायचा. तो बरा, पण चावताना नेमका दातांखालीच पातळ होतो, आणि मार झेलायला जाडी लागते ती तिथेच. माप देऊन केलेल्या कवचात पुढच्या दातांवर सुमारे ३ ते ४ मिलिमीटर जाडी राखतात. शीट ओढताना ताणली जाऊन पातळ होते, म्हणून चांगली लॅब दोन थर देते. वरच्या दातांवर ते मागच्या दाढांपर्यंत जातं, ओठाच्या आतल्या दोरीपाशी त्याला खाच ठेवतात आणि खालचे दात मिटल्यावर सगळीकडे सारखे टेकतील असा त्याचा पृष्ठभाग जुळवतात. ठोशाचा जोर एका दातावर न राहता सगळ्या कमानीवर वाटला जातो आणि ओठ-गाल दातांच्या धारेपासून दूर राहतात. मेंदूला बसणारा हादराही त्याने टळतो, असा दावा १९६० च्या दशकापासून होत आला आहे. तो नीट सिद्ध झालेला नाही, आणि त्या भरवशावर कुणी डोकं पुढे करू नये. रग्बीने २०२४ पासून वरिष्ठ पातळीवर आणलेलं संवेदकाचं माउथगार्डही हादरा अडवत नाही. तो किती होता हे मोजून डॉक्टरला कळवतं, एवढंच.

मुलांच्या बाबतीत काम थोडं निराळं असतं. सहा-सात वर्षांपासून बारा-तेरापर्यंत दुधाचे दात पडत असतात, पक्के येत असतात. म्हणून वर येणाऱ्या दातासाठी कवचात जागा सोडावी लागते आणि तारा लावल्या असतील तर त्या आधी मेणाने झाकून मगच ठसा घ्यावा लागतो. असं कवच एका हंगामापलीकडे क्वचितच टिकतं. ते तुटत नाही, दातच त्यातून निघून पुढे गेलेले असतात. पुढच्या हंगामाआधी मुलाला पुन्हा खुर्चीत बसवायचं आणि नवं माप घ्यायचं. गेल्या वर्षीचा प्लास्टरचा नमुना आता कामाचा नाही.