कारमेनेर : दुसऱ्याच्या नावाने वाढलेले द्राक्ष



थॉमसनच्या बागेत चार वेली दुसऱ्या जातीच्या निघाल्या तर तोडणीला काय गोंधळ होतो, हे बागायतदाराला सांगायला नको. चिली देशात असा गोंधळ शंभराहून अधिक वर्षे चालला, आणि कुणाच्या ध्यानात आला नाही.

कारमेनेर ही लाल वाईनची जात मूळची फ्रान्सच्या बोर्दो भागातली. पानगळीपूर्वी हिची पाने किरमिजी होतात, त्यावरूनच नाव पडले म्हणतात. वेल जोमदार. पण काडीच्या बुडाकडील डोळ्यांतून घड कमी निघतात, म्हणून छाटणीत काडी लांब राखावी लागते. शिवाय फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला की फुलगळ होऊन घड विरळ राहतो. बोर्दोत हे नेहमीचेच.

1860 नंतर फ्रान्सच्या बागांत अमेरिकेतून फायलोक्सेरा ही मुळांतला रस शोषणारी बारीक कीड शिरली. बागाच्या बागा वाळल्या. अखेर अमेरिकन खुंटावर कलम बांधण्याचा उपाय लागू पडला. (आपण डॉगरिज खुंट वापरतो तो पाणीटंचाई आणि क्षारांसाठी, तिकडे खुंट आला तो किडीपायी.) नवी लागण करताना बोर्दोच्या शेतकऱ्याने बेभरवशाची कारमेनेर बहुतेक वगळली. मला तरी त्यात त्याचे काही चुकले असे वाटत नाही.

मात्र कीड येण्याआधीच, 1850 च्या सुमारास, बोर्दोच्या काड्या चिलीत पोचल्या होत्या. तिथे फायलोक्सेराचा उपद्रव झाला नाही. वेली स्वतःच्या मुळांवर टिकल्या. पण कारमेनेर वाढली ती मर्लो या जातीत मिसळून, मर्लोच्याच नावाने. मर्लो तयार झाली की सगळी तोडणी एकदम! कारमेनेर पिकते तीन-चार आठवडे उशिरा. कच्चा माल गेल्याने वाईनला ढोबळी मिरचीसारखा वास येई, आणि चिलीची मर्लो अशीच असते, असे लोक समजत.

24 नोव्हेंबर 1994 रोजी फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ झाँ-मिशेल बुर्सिको यांनी माइपो खोऱ्यातल्या एका बागेत ही वेल ओळखली. 1998 मध्ये चिली सरकारने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. फरक तसा साधा आहे. मर्लोच्या कोवळ्या पानाची खालची बाजू पांढरट, हिची तांबूस. आपल्यापैकी कुणी वाईनच्या द्राक्षाची काडी आणणार असेल, तर मातृवेल नव्या फुटीत एकदा आणि तोडणीच्या वेळी एकदा, अशी दोनदा पाहून यावी.

चिलीत आता दोन्हींची तोडणी वेगळी होते. कारमेनेर एप्रिलअखेर किंवा मे महिन्यापर्यंत वेलीवर राखतात. तिकडे तेव्हा शरद ऋतू असतो आणि पाने लाल होऊ लागलेली असतात.