पाणसळीचा बुडबुडा

मेल्किसेदेक थेव्हेनो या फ्रेंच विद्वानाने १६६१च्या सुमारास काचेच्या बंद नळीत मद्यार्क भरून, आत हवेचा एक बुडबुडा राखून जी पाणसळ सिद्ध केली, तिच्यावर पुढे साऱ्या जगाच्या मोजणीखात्यांचा कारभार विसंबला. आणि १८५८ साली हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने कराचीच्या समुद्रसपाटीपासून उंची मोजीत आत सरकण्यास आरंभ केला, तेव्हाही प्रमाण होता तो हाच बुडबुडा.

सरळ दिसणारी ही नळी आतून किंचित कमानदार असते आणि बुडबुडा त्या कमानीचा माथा शोधतो. परंतु उन्हाने मद्यार्क प्रसरण पावला की बुडबुडा आखूड होतो, नळी एकाच बाजूने तापली तर तो उष्ण टोकाकडे ओढला जातो. म्हणूनच उपकरणावर छत्री धरणाऱ्या, मोजणीपथकातील खलाशाचे काम मला मोजणीदाराच्या कामाइतकेच मोलाचे वाटते.

उंची वाचण्यासाठी उभा धरलेला मोजणीचा दंड पुढे झुको वा मागे, त्यावरील वाचन खऱ्याहून अधिकच येते. चार मीटर उंचीवर दोन अंशांचा कल सुमारे अडीच मिलिमीटरांचा फरक पाडतो. आणि चढावर मागील दंडाचे वाचन मोठे असल्याने ही चूक एकाच दिशेने साचत जाते. दंडावरील गोल पाणसळीतला बुडबुडा तिरकस नजरेने पाहिल्यास मध्यावर नसतानाही मध्यावर भासतो. तो थेट वरूनच पाहावा. दंड जागच्या जागी अर्धा फिरवून, पुन्हा ओळंब्यात आणल्यावरही बुडबुडा ढळलेला दिसला, तर दोष पाणसळीच्या बसवणुकीत आहे असे समजावे.