विमानतळ सुरक्षा तपासणी : भेदभाव-प्रतिबंध

प्रवाशाचा धर्म, वर्ण, लिंग किंवा अपंगत्व पाहून त्याला वेगळी वागणूक मिळू नये यासाठीची तरतूद. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत तपासणीचे काम वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे आले आणि शीख व मुस्लिम प्रवाशांच्या तक्रारी वाढल्या. पगडी आता प्रवाशाला स्वतःच चाचपता येते. नंतर त्याच्या हातांवरून पट्टी फिरवून स्फोटकांचे अंश तपासतात. यंत्र निःपक्षपाती, ही समजूत मात्र भाबडी ठरली. देह-स्कॅनर चालवणारा कर्मचारी नुसते रूप पाहून ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ बटण दाबे; पारलिंगी प्रवाशाच्या बाबतीत यंत्र अनेकदा इशारा देई आणि अंगझडती ओढवे. ही पद्धत बदलण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेने मूळ दुखण्यावर बोट ठेवले : जादा तपासणीसाठी कोणाला बाजूला काढले, याची आकडेवारीच गोळा होत नव्हती. भारतात नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी दर वेळी कृत्रिम पाय काढावा लागतो, अशी जाहीर तक्रार २०२१ मध्ये केली. तपासणी करणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्यांची माफी मागितली.