ऐंशी रुपये उसने घेऊन



आमच्या वडगाव रासाईत उन्हाळा लागला की गच्चीवर पापड वाळू लागतात. चातुर्मासाच्या आत डबे भरून ठेवायचे ही घाई आपल्या घरांत जरा जास्तच. पावसाळी हवेत पापडाला बुरशी धरली की तो आपल्याला चालत नाही.

हल्ली मुलांच्या तोंडी ‘स्टार्टअप’ हा शब्द सारखा असतो. मला तो ऐकला की लिज्जत पापडाचे पहिले दिवस आठवतात. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा शेजारणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल पारेख या समाजसेवकांकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने घेतली.

तोटा आला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं. दान हे आपल्याकडे मोठं पुण्य. पण धंद्याला उसने पैसेच बरे. ते फेडायचे असतात, म्हणून पहिल्या दिवसापासून पै-पैचा हिशोब ठेवावा लागतो.

पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात. चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह. काम चालू राहिलं. मोठं यंत्र घेण्याची ऐपत नव्हती, आणि त्याची गरजही पडली नाही.

सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत. एक चांगला, दुसरा जरा हलका आणि स्वस्त. छगनबापांनी सांगितलं, प्रत एकच ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. मला हा सल्ला सगळ्यात मोलाचा वाटतो. स्वस्त पापड खाणारी बाई ‘ही दुसरी प्रत आहे’ असं लक्षात ठेवत नाही. ती नाव लक्षात ठेवते. धंदा हा धंद्यासारखाच करा, हिशोब चोख ठेवा, हेही त्यांनीच बजावलं.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. तिसऱ्या वर्षी बायका तीनशेच्या वर गेल्या आणि गच्ची पुरेना. मग भिजवलेलं पीठ वाटून द्यायचं, ज्येने त्येने घरी लाटून आणायचं, अशी रीत पडली. त्यामुळे घर सोडता न येणाऱ्या बाईलाही कमाई मिळाली. १९६२ मध्ये ‘लिज्जत’ हे नाव ठरलं, १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली. नफा-तोटा मात्र सगळ्या बहिणींचा मिळूनच राहिला. जसवंतीबेनना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्यातल्या कितीतरी जणी खाकरा, मसाले, लोणची करून विकतात. सासरे किंवा नवरा सामान भरून देतात, विक्रीचे पैसे घरखर्चात जातात, आणि वर्षाअखेरीस सगळे त्याला ‘हिचा छंद’ म्हणतात. म्हणून सामानाचे पैसे उसने म्हणून लिहा आणि फेडा. आपल्या मेहनतीची मजुरीही त्याच वहीत मांडा. ती वही असली की त्याला कुणी छंद म्हणणार नाही.