मोझ, फ्रेडरिक एडवर्ड

(१ मार्च १९१०–१ जुलै २००२). अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद. त्वचेच्या कर्करोगावरील सूक्ष्मदर्शक-नियंत्रित शस्त्रक्रियेचे जनक. जन्म विस्कॉन्सिन राज्यातील बर्लिंग्टन येथे. विस्कॉन्सिन विद्यापीठाची वैद्यकाची पदवी त्यांनी १९३४ मध्ये मिळविली.

विद्यार्थिदशेत प्राणिवैज्ञानिक मायकेल गायर यांच्या हाताखाली संशोधन करीत असताना ते प्राण्यांच्या अर्बुदांत निरनिराळी रसायने टोचून परिणाम पाहत. झिंक क्लोराइडामुळे ऊतक मरते. परंतु त्याची सूक्ष्म रचना जशीच्या तशी टिकून राहते, असे त्यांना आढळले. इतरांनी या निरीक्षणाकडे कदाचित अर्बुदनाशक औषध म्हणूनच पाहिले असते. मोझ यांना मात्र त्यात तपासणीचे साधन दिसले.

नाक, पापणी, कान यांभोवतीच्या कर्करोगाचे मुळांसारखे फाटे त्वचेखाली डोळ्यांना न दिसता पसरतात. नेहमीच्या पद्धतीत काढलेल्या भागाचे पावाच्या कापांप्रमाणे उभे छेद घेतात; त्यामुळे कडेचा थोडाच अंश तपासला जातो. मोझ यांनी बशीच्या आकाराचा पातळ थर काढून, त्याच्या कडा रंगवून व जखमेचा नकाशा आखून, थराची संपूर्ण खालची बाजू व कडा आडव्या छेदांनी तपासली. कर्करोग उरला असेल तेवढ्याच जागी पुढचा थर घ्यावयाचा. निरोगी त्वचा वाचते, हा या पद्धतीचा खरा लाभ होय.

पहिल्या रुग्णावर १९३६ मध्ये उपचार झाले व १९४१ मध्ये ४४० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तरीही शल्यचिकित्सक दीर्घकाळ साशंक राहिले. झिंक क्लोराइड, अँटिमनीचे खनिज व सँग्विनॅरिया कॅनडेन्सिस या वनस्पतीची पूड यांचा त्यांचा लेप वैदूंच्या दाहक मलमांची आठवण करून देई. शिवाय तो वेदनादायक असे आणि प्रत्येक थरासाठी जवळजवळ एक दिवस लागे.

पापणीवरील शस्त्रक्रियेचे चित्रीकरण करताना १९५३ मध्ये मोझ यांनी लेपाविना ताजे ऊतक गोठवून तपासले. सान फ्रान्सिस्कोचे ट्रोमोव्हिच व स्टेगमन यांनी १९७४ मध्ये या पद्धतीचे अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर लेप मागे पडत गेला. स्थानिक भूल देऊन बहुधा एकाच दिवसात काम पुरे होऊ लागले. ‘रसायन-शस्त्रक्रिया’ या मूळ नावातील रसायन असे गळून पडले. तशाच घटकांची ‘काळी मलमे’ मात्र पुढेही घरगुती उपाय म्हणून विकली गेली. त्यांत सूक्ष्मदर्शकाने तपासणी नसल्याने वर व्रण भरून येतो व आत कर्करोग वाढत राहू शकतो.