विजापुरात वाटाड्याबरोबर

शाळेची सहल विजापूरला न्यायची असा बेत आपल्याकडे पुष्कळ गावांतून होतो. सोलापूरहून निघावे, भीमा ओलांडावी, ज्वारीचा काळा मुलूख मागे टाकावा, आणि गाव यायच्या आधीच गोलघुमट क्षितिजावर उभा राहतो. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. आता तो कर्नाटकात आहे, आणि २०१४ पासून गावाचे सरकारी नाव विजयपुर झाले आहे. आपल्या बोलण्यात ते अजून विजापूरच. १४९० च्या सुमारास युसूफ आदिलशहाने इथे वेगळे राज्य मांडले, ते १६८६ पर्यंत टिकले. शहाजीराजांनी याच दरबारची चाकरी केली. अफजलखान इथूनच निघाला. म्हणजे आपल्या पोरांनी हे गाव कानांनी आधीच पाहिलेले असते.

डोळ्यांनी पाहायची वेळ आली की पुढे गाईड असतो. तो असावाच. त्याच्यावाचून निम्म्या गोष्टी हुकतात, आणि उन्हातान्हात हिंडून पोट भरणाऱ्या माणसाला त्याचे दाम मोकळ्या हाताने द्यावे. पण तो दोन प्रकारचा माल एकाच टोपलीतून विकतो: काही डोळ्यांसमोर असलेले, काही ऐकीव. गुरुजींनी ते निवडून घ्यायचे. मुले घरी जाऊन जे सांगतील तोच त्यांचा इतिहास होणार आहे.

गोलघुमटापासूनच पाहा ना. गाईड सांगेल, जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट. आतला व्यास सुमारे १२४ फूट. पण रोमचे पँथिऑन दुसऱ्या शतकातले, त्याचा व्यास १४२ फुटांच्या घरात. फ्लॉरेन्सचा आणि रोमच्या सेंट पीटरचा घुमटही याहून रुंद, आणि तिन्ही याच्या आधीचे. तेव्हा दुसरा नंबर काही जमत नाही. त्याने बिघडले काय? नंबर सोडून द्या आणि मान वर करा. आत मधोमध एकही खांब नाही. चार भिंतींची चौकोनी खोली, तिच्यावर गोल टोपी बसवायची. कोपऱ्यांचे करायचे काय? कारागिरांनी आठ कमानी एकमेकींत अशा गुंतवल्या की वर जाता जाता चौकोन आत आवळत गेला आणि घुमटाला बैठक मिळाली. परडी विणणारा काड्या एकमेकींत अडकवतो, तसे समजा. घुमटाचे विटा-चुन्याचे ओझे या गुंफणीवर आहे. हे मुलांकडून जमिनीवर खडूने काढून घ्यावे. चौकोनात चौकोन तिरपा ठेवला की आठ कोन आपोआप दिसतात.

वरच्या सज्जात कुजबुजले तर पलीकडच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. आवाज गोल भिंतीला धरून सरकतो, आणि परत परत उमटतो. पण शंभर पोरे एकदम ओरडू लागली की काहीच ऐकू येत नाही, आणि बहुतेक सहली तेवढेच करून खाली उतरतात. सकाळी लवकर चढावे, दोघांनीच बोलावे, बाकीच्यांनी तोंडावर बोट ठेवावे.

खाली चौथऱ्यावर मुहंमद आदिलशहा आणि त्याच्या घरच्यांच्या कबरी आहेत. त्या खुणेच्या, खऱ्या खाली तळघरात. त्यातली एक रंभेची. बादशहाने प्रेमाची परीक्षा म्हणून विचारले आणि रंभेने सज्जातून उडी घेतली, ही कथा इथे हटकून ऐकायला मिळते. गोष्ट म्हणून ऐकावी. दगडावर मात्र वेगळेच आहे: दक्षिणेच्या दारावर फारसी लेख आहे, त्यातल्या अक्षरांची किंमत मांडली की हिजरी १०६७, म्हणजे १६५६, हे बादशहाच्या मृत्यूचे साल निघते. अक्षरांतून साल लपवायची ही रीत मुलांना कोड्यासारखी आवडते.

बारा कमानीपाशीही असेच. अलीने बापाच्या घुमटाहून मोठी कबर बांधायला घेतली, तिची सावली गोलघुमटावर पडेल म्हणून काम थांबवले, असे सांगतात. आता शेतकऱ्याला सावलीचे गणित कोणी शिकवायला नको. दोन इमारतींत किलोमीटरहून जास्त अंतर. आणि दिवस मावळताना बांधावरच्या बाभळीची सावलीही शेजारच्या शिवारात जाते! खरे कारण सालांत सापडते. दुसरा अली १६७२ त वारला. गादीवर चार-पाच वर्षांचा सिकंदर बसला. सरदार आपसात भांडत, उत्तरेकडून मोगल, पश्चिमेकडून शिवाजी महाराज. कमानी अर्ध्या राहिल्या आणि चौदा वर्षांत राज्यच गेले.

मुलुखमैदान तोफेची गोष्ट मला या साऱ्यांत फार आवडते, कारण इथे दगडाऐवजी धातू बोलतो. फार बोलणाऱ्याला आपण मुलुखमैदान तोफ म्हणतो, ती हीच. वजन सुमारे ५५ टन, तोंडाशी सिंहासारखा जबडा, दातांत हत्ती चिरडलेला. ती विजापूरची नव्हेच. १५४९ त अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) मुहंमद बिन हसन रूमी या कारागिराने ओतली. पुढे परांड्याहून १६३२ त इथे आली. तिच्यावर रूमीचा लेख आहे आणि शेजारीच विजापूर जिंकल्याचा औरंगजेबाचाही. एकाच तोफेवर करणाऱ्याची सही आणि घेणाऱ्याची सही! इंग्रजी अमलात १८५४ साली ती लिलावात दीडशे रुपयांना गेली होती. सुदैवाने तो लिलाव रद्द झाला.

आता सर्वांत अवघड जागा. गावाच्या पश्चिमेला साठ कबर. गाईड सांगतो, अफजलखानाला ज्योतिषाने सांगितले की तू परत येणार नाहीस, म्हणून निघण्याआधी त्याने आपल्या साठांवर बायका विहिरीत बुडवून मारल्या. आपल्याकडच्या मुलांना ही गोष्ट लगेच खरी वाटते, कारण प्रतापगड त्यांना पाठ आहे. गुरुजींनो, इथेच जरा थांबा. दिसते काय? एकाच घडणीच्या कबरी, ओळीने. माथे सपाट, म्हणजे स्त्रियांच्या. पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उंचवटा असतो. एवढे दगड सांगतो. त्या स्त्रिया कोण, साथीने गेल्या की आणखी कशाने, आणि कोणी मारल्या, यातले काही त्यावर लिहिलेले नाही. खान आपला शत्रू होता, १० नोव्हेंबर १६५९ ला जे झाले ते झाले; त्याच्या पारड्यात न सिद्ध झालेले खून घातल्याने महाराजांचे वजन वाढत नाही. मुलांना विचारा, तुमच्या गावच्या पाटलावर कोणी असा आळ घेतला तर पंच काय मागतील? मुले नेमके उत्तर देतात.

एक गोष्ट मात्र गाईड बहुधा दाखवत नाही, ती तुम्ही मागून घ्या: पाणी. पाऊस बेताचा, नदी लांब, आणि दोनशे वर्षांची राजधानी इथे नांदली कशी? तोरव्याकडून जमिनीखालच्या बोगद्याने, आणि दक्षिणेच्या बेगम तलावातून मातीच्या नळांनी पाणी शहरात येई; नळ फुटू नयेत म्हणून भोवती चुन्यात बांधकाम. वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोरे, त्यांना गंज म्हणतात. पाणी मनोऱ्यात चढे, जोर कमी होई, गाळ खाली बसे, आणि निवळलेले पाणी पुढच्या नळात उतरे. शहरात फिरताना घरांच्या मधे अशी एखादी चौकोनी उंच चिमणी उभी दिसते, तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मुलांना तिच्याजवळ न्या आणि शेजारच्या गंजाकडे बोट करायला सांगा. दोन मनोरे सापडले की नळाची ओळ सापडते, आणि मग पाणी कोणत्या दिशेने येत असे ते तीच शोधून काढतात.