मोहरीची वंशावळ

मुळशी तालुक्यातल्या चांद्याला माझ्या एका स्नेह्यांची थोडी शेती आहे. भात निघाला की एका तुकड्यात ते घरापुरता कोबी, फ्लॉवर, नवलकोल लावतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी तिन्हींची कोवळी रोपं हातात दिली आणि ओळखायला सांगितलं. मी हरलो. "आम्हीपण वाफ्याला खूण ठेवतो," ते हसून म्हणाले. त्या फजितीचं कारण शोधता शोधता मी फोडणीच्या मोहरीपाशी जाऊन पोहोचलो.

ही तिन्ही झाडं शास्त्राच्या लेखी एकाच जातीची, ब्रासिका ओलेरासिया. गुणसूत्रं 18. कोबीत शेंड्याची पानं मिटून गड्डा होतो, नवलकोलात खोड फुगतं, फ्लॉवरमध्ये फुलोरा कळीपर्यंतही न जाता साचत राहतो. (‘कोबी’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला.)

मोहरीचं प्रकरण याहून जुनं. तिची गुणसूत्रं 36. काळ्या मोहरीची 16, सलगमच्या जातीची 20. बेरीज जुळते, आणि ती योगायोगानं जुळत नाही. जपानमध्ये मोरिनागा यांनी संकरांतली गुणसूत्रं तपासून ही दिशा दाखवली होती. 1935 साली नागाहारू ऊ यांनी सहा जातींचं नातं एका त्रिकोणात मांडलं. तीन कोपऱ्यांवर मूळ जाती, तीन बाजूंवर त्यांच्या जोड्यांतून झालेल्या नव्या. दोन जातींच्या संकरात एकीकडून 10 आणि दुसरीकडून 8 गुणसूत्रं येतात. त्यांना जोडीदार मिळत नाही, म्हणून रोप सहसा वांझ. पण सगळा संचच दुप्पट झाला, की प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि बी धरतं. ऊ यांनी सलगमची जात आणि कोबीची जात यांच्या संकरातून रेपसीड प्रयोगात घडवूनही दाखवलं.

पाठ्यपुस्तकांत त्रिकोण राहिला, माणूस निसटला. ऊ यांचा जन्म 1898चा, टोकियोतला. आई जपानी, वडील कोरियातून परागंदा झालेले. 1903मध्ये त्यांचा खून झाला. मुलानं मात्र शोधनिबंधांवर कोरियन आडनावच ठेवलं. 1950मध्ये ते कोरियात गेले आणि 1959मध्ये तिथेच वारले. दोन घराण्यांच्या मिश्रणाचा हा अभ्यास याच माणसानं करावा, याचा मला उगाचच अर्थ लावावासा वाटतो. तो मोह आवरतो.

त्रिकोणाच्याही आधी एक घटना आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी या कुळाच्या पूर्वजाचा जनुकसंच तिप्पट झाला. 2011मध्ये सलगमच्याच जातीतल्या चिनी कोबीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा 41,174 जनुकं आढळली. अरॅबिडॉप्सिस या नातलग तणात ती 27 हजारांच्या आसपास. तिपटीच्या हिशेबानं 80 हजार हवी होती. म्हणजे बरीचशी गळाली. पण उरलेल्या जादा प्रतींना मोकळीक होती: एक प्रत मूळ काम सांभाळते, दुसरी बदलली तरी झाड मरत नाही. 2016मध्ये सलगमच्या जातीचे 199 आणि कोबीच्या जातीचे 119 नमुने ताडून पाहिले, तेव्हा दोन्हींकडे गड्डा किंवा गाठ धरणाऱ्या वाणांत माणसाच्या निवडीचे ठसे अशाच दुहेरी-तिहेरी प्रतींवर पुन्हा पुन्हा सापडले. संधी त्या तिपटीनं दिली, पण निवड शेतकऱ्यांनी केली. ही दुसरी बाजू शास्त्रलेखांत फार लवकर उरकली जाते.

चांद्याच्या थंडीत कोबीला फुलोरा येत नाही. त्याला लांबलेला कडक गारठा लागतो. म्हणून हिमाचलातल्या कुलूसारख्या खोऱ्यांत त्याचं बी धरतात. माझे स्नेही दरवर्षी पाकीट विकत आणतात. बांधाला मोहरी पेरायची झाली, तर मात्र काकू मिसळणाच्या डब्यातूनच मूठभर काढून देतात.